बोकडाचा होकार

देवीवर रागवावं की नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून एवढंच ऐकत आले की तिच्यापुढे मान खाली घालायची, पदर पसरायचा आणि ती देईल ते घेऊन मुकाट्यानं घरी यायचं. तरीही त्या वर्षी मी तिच्यावर अशी रागावले होते, की उभ्या जन्मात सासरच्या कुणावर तेवढी रागावले नसेन. देवीचा काय अनुभव आला, असं कुणी विचारलं की मी त्या रागाचीच हकीकत सांगते. सांगताना अजूनही माझा आवाज चढतो, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही तेलंगणातल्या मावला गावचे. आदिलाबाद शहर संपतं न संपतं, तोच आमचं भाजीपाल्याचं रान लागतं. मेथी, पालक, गवार, वांगी. सकाळी काढायची, धुवायची, जुड्या बांधायच्या आणि बाजारात नेऊन बसायचं. घरात मराठी, बाजारात तेलुगू, व्यापाऱ्यांशी हिंदी, अशी आमची जीभ दिवसभर तीन घरं फिरून येते. देवी मात्र सगळ्यांची एकच, पोचम्मा. आमच्या रानाच्या पलीकडे कडुनिंबाखाली तिचं छोटंसं ठाणं आहे. बोली कुठलीही असो, घरात ताप शिरला की माणूस आधी तिच्याकडे धावतो आणि मग दवाखान्यात.

आमच्या घरातही ताप शिरला तो एका पावसाळ्याच्या शेवटी. माझ्या मालकांना. इथल्या दवाखान्यात उतरेना, म्हणून नागपूरला नेलं. रक्तातल्या पेशी रोज कमी होत होत्या आणि डॉक्टर सकाळी एक सांगत, संध्याकाळी दुसरं. मी तिथल्या पायरीवर बसून सगळ्या देवांची नावं घेतली, पण कबूल कुणालाच काही केलं नाही. घरी रान आणि शेळ्या सांभाळायला आमच्या अक्का राहिल्या होत्या. अक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा याच बहिणीनं भावाला भरवून वाढवलं. पुढे स्वतःचं कुंकू पुसलं गेल्यावर त्या माहेरी आल्या त्या कायमच्या. भाऊ हाच त्यांचा मुलगा, हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

मालक वाचले. ऑटोतून उतरून माझ्या खांद्यावर हात टाकून दारापर्यंत चालत आले, तेव्हा अक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि भावाच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. मग नेहमीप्रमाणे चांद्या मला भेटायला धावत आला आणि त्याच्या गळ्यात मला हळदीनं पिवळं केलेलं फडकं दिसलं.

चांद्या आमचा बोकड. त्याला जन्म देतानाच त्याची आई गेली होती. थंडीचे दिवस होते, म्हणून मी त्याला चुलीजवळ पोत्यावर ठेवलं आणि बाटलीनं दूध पाजून जगवलं. सगळं अंग काळं आणि कपाळावर तेवढा पांढरा ठिपका. मोठा झाला तरी सवयी तान्ह्याच्या. माझ्या बशीतला चहा चाटल्याशिवाय दिवसाचा चारा तोंडाला लावत नसे. मी रानात निघाले की मागे, परतले की मागे. लेक म्हणायची, आई, तुझी सावली काळी आहेच, आता तिला शिंगंही फुटली.

मी अक्कांना विचारलं, "हे काय वो, अक्का? हे फडकं कायचं?"

"पोचम्माले बोलली मी. भाऊ आपल्या पायानं घरात आला तं गोठ्यातला बोकड तुले देईन म्हणून. आला ना तो? आता तिचं तिले द्या लागते."

"अन् मले इचारलं काऊन नाई?"

"तुले काय इचारू, माय? तू तिकडं रडून राह्यली होती."

गोठ्यात बोकड एकच होता. मी मालकांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते, गालफडं बसलेली, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती ढिली. ते म्हणाले, "मी काय बोलू आता? मायाच जिवासाठी बोलली ते."

खरंच होतं ते. त्यांनी नको म्हणावं तरी कसं? पण माझ्या डोक्याची शीर उठली ती उठलीच. जीव एकाचा, नवस दुसऱ्याचा आणि मान तिसऱ्याची, हा कुठला न्याय? द्यायचंच होतं तर अक्कांनी स्वतःच्या गळ्यातलं द्यावं, उपास धरावा, अनवाणी चालावं. देवाला देताना माणसाचा हात नेमका दुसऱ्याच्या ताटाकडे कसा जातो, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

नवस आषाढातच फेडायचा, अशी आमच्याकडची रीत. तोवर चांद्या देवीचा झाला. म्हणजे त्याला बांधायचं नाही, हाकलायचं नाही, मारायचं तर नाहीच. शेजाऱ्यांच्या शेंगा खाल्ल्या तरी लोक म्हणत, "खाऊ दे, माईचा हाय." दारोदार त्याला भाकरी मिळू लागली, बाया त्याच्या कपाळाला हळद लावून पाया पडू लागल्या. तो चांगलाच माजला आणि माझा जीव मात्र आतून जळत होता. काय हा मान! ज्याला मारायचं ठरलंय, त्याच्याच पाया पडायचं!

लेक बासरला इंजिनिअरिंग शिकते. तिला फोनवर सगळं सांगितलं आणि विचारलं, बाई, तू शिकलेली आहेस, जनावराला आत्मा असतो का गं? ती म्हणाली, "आई, आत्मा-बित्मा काही नसतो. बोकडाला नाही आणि बाबांनाही नाही." बापाला आत्मा नाही म्हणते म्हणून मी तिला चांगलंच झापलं. पण फोन ठेवल्यावर मनात आलं, पोरीनं निदान दोघांना एकाच तराजूत तर घातलं.

उन्हाळ्यात हनुमानाच्या देवळात सप्ताह बसला. बाहेरगावचे एक महाराज पोथी सांगायला आले होते. आवाज गोड, दृष्टांत रसाळ. एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं, की मुंगीपासून ब्रह्मदेवापर्यंत सगळ्यांत आत्मा एकच, भांडी वेगळी, पाणी एक. माझे कान टवकारले. पोथी संपल्यावर शंका विचारायची मुभा असते. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उभी राहिले आणि विचारलं, "महाराज, मग बोकडातही तोच आत्मा का?"

"तोच, माउली."

"मग त्याला देवीपुढे कापायचं कसं?"

ते हसले. म्हणाले, "आत्मा तोच, पण पशूची ती भोगयोनी. त्याला विवेक नाही. म्हणून पाप नाही, पुण्य नाही, मोक्षही नाही. तो नुसता भोगतो. देवीच्या दारात गेला तर त्या योनीतून सुटतो. त्यात त्याचं कल्याणच आहे."

कल्याण! एवढं स्वस्त कल्याण असेल तर घरातल्या सगळ्यांत लाडक्या माणसाचं आधी का नाही करत? हे माझ्या तोंडावर आलं होतं, पण मालक नुकते मरणातून उठलेले, म्हणून जीभ चावली. मी दुसरं विचारलं. आमच्याकडची रीत अशी, की बोकडाला एकदम कापत नाहीत. देवीसमोर उभा करून त्याच्या पाठीवर, डोक्यावर हळदीचं पाणी ओततात. त्यानं सगळं अंग झाडलं तर त्याचा होकार आला आणि देवीनं त्याला घेतलं, असं समजतात. मगच हत्यार चालतं. मी म्हटलं, "महाराज, ज्याला विवेक नाही, त्याला होकार कसा विचारता? आणि होकार विचारता, तर विवेक नाही असं कोणत्या तोंडानं म्हणता?"

महाराजांनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "माउली, तुमच्या घरी मटण शिजतं का?"

मी काही माळकरी नाही. शिजतं, असं मी म्हटलं. "मग तेव्हा आत्मा आठवला नाही वाटतं?" असं ते म्हणाले आणि सगळं देऊळ हसलं. बायांच्या रांगेतून तर जास्तच. मी खाली बसले. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते. प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद केलं की प्रश्न सुटला, असं या शहाण्या लोकांना का वाटतं? मी खाते, हे माझं. पण त्यामुळे त्यांचं उत्तर खरं होतं का? आमच्या खाण्यात निदान ढोंग नव्हतं. खाटकाच्या दुकानात कुणी बोकडाला विचारत नाही, बाबा, जातोस का म्हणून. इथे विचारतात आणि वर सांगतात, की त्याला कळत नाही. माझा राग या लबाडीवर होता. तरी एक सांगते, त्या दिवसापासून घरातलं मटण मला गिळेना. महाराजांच्या टोमण्याचा एवढा तरी गुण आला.

आषाढातला तो आयतवार उजाडला. चांद्यानं रोजच्यासारखा माझ्या बशीतला चहा चाटला. अक्का पहाटेच डोक्यावरून न्हाल्या होत्या, नवं लुगडं नेसल्या होत्या. मालक पांढरा सदरा घालून तयार होते. कुणीतरी चांद्याला दावं लावायला निघालं, पण त्याची गरज पडली नाही. मी पुढे चालू लागले, तो मागे निघाला. त्या दिवसातलं हेच मला सगळ्यांत जास्त लागलं. त्याला वाटलं, रोजच्यासारखं रानातच चाललोय.

ठाण्यापाशी गर्दी होती. तेलुगू घरांतल्या बाया बोनाल घेऊन आल्या होत्या, म्हणजे हळदीकुंकवानं सजवलेल्या मडक्यात देवीसाठी शिजवलेला भात, वर निंबाचा पाला आणि पेटता दिवा. डफडं वाजत होतं. आमची पाळी आली तसं पुजाऱ्यानं चांद्याला देवीसमोर उभं केलं, काहीतरी पुटपुटला आणि तांब्याभर पाणी त्याच्या पाठीवर सोडलं.

चांद्या तसाच उभा राहिला.

पुजाऱ्यानं पुन्हा ओतलं, या वेळी डोक्यावर. काही नाही. मला आश्चर्य वाटलं. घरी मी मेथी धुवायला बसले आणि त्याच्यावर दोन थेंब जरी उडाले, तरी तो असा झाडायचा की माझं धुतलेलं पातळ ठिपक्याठिपक्यांचं होऊन जाई. अक्कांनी तांब्या घेतला. "घे बाबा, चाल बाबा, माया भावासाठी चाल," म्हणत त्या ओतत राहिल्या. पाणी दाढीवरून गळत होतं, खाली चिखल झाला होता आणि बोकड जागचा हलत नव्हता. डफडं थांबलं. लोक जवळ सरकले.

मग आमच्या भावकीतले एक काका पुढे झाले. अशा वेळी असे काका पुढे होतातच. ते म्हणाले, "असं नाई जमत. कानात टाका लागते." त्यांनी कुणाच्या तरी पिशवीतली गारेगार पाण्याची बाटली घेतली, चांद्याचा कान पिळून वर केला आणि बाटली तिरपी केली.

तिथे माझा ताबा सुटला. मी त्यांच्या हातातली बाटली ओढून फेकून दिली. "कान पिळून घेतलेल्या होकाराले होकार म्हनते का, काका? पोरीच्या सोयरिकीत असंच करता का तुमी? इचारून राह्यले का जबरदस्ती करून राह्यले? जबरदस्तीच करा लागते तं इचारायचं नाटक काऊन करता?"

काका लाल झाले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हिनंच काई तरी केलं असंन. हिच्याच हातचं पाणी पायजे त्याले." आणि ते सगळ्यांना पटलं. अक्का तांब्या घेऊन माझ्याकडे आल्या.

"बाई, तू टाक. तुयं ऐकते तो. माया भावासाठी टाक वो. तुया कुंकवासाठी टाक."

आता काय करायचं? मी मालकांकडे पाहिलं. हात जोडून खाली मान घालून ते उभे होते. नागपूरच्या खाटेवर पडलेला त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. आत्म्याच्या गोष्टी मी देवळात उभं राहून विचारल्या होत्या, पण इथे माझ्या धन्याचं नाव घेऊन तांब्या समोर आला होता. नवस मोडला आणि खरंच काही झालं तर? एवढी धीट मी नाही. कुणी सांगावं की मी धीट होते, तर ते खोटं आहे. मी तांब्या घेतला आणि मनात देवीशी भांडले. म्हटलं, तू आई असशील तर हे माझ्यावर टाकायला नको होतंस. टाकलंसच, तर आता तुझं तू बघ. मला दोघंही पाहिजेत. यातून एक निवड असं मला सांगू नकोस, मी निवडणार नाही. घे, माझा हात तुझा. आणि मी पाणी सोडलं.

कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून पाणी त्याच्या डोळ्यांत गेलं. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. अंगावरचा केससुद्धा हलला नाही. मग तो एक पाऊल पुढे आला, माझ्या हातातल्या रिकाम्या तांब्यात तोंड घातलं आणि बशीतला चहा चाटतो तसं तळाचं पाणी चाटू लागला.

कुणी हसलं नाही. पुजाऱ्यानं हत्यार फडक्यात गुंडाळलं. पोचम्माची पूजा इथे कुंभाराकडे असते; तो आमच्या रोजच्या ओळखीतला, तेलुगू वळणाची मराठी बोलतो. म्हणाला, "झालं. अम्माले नको. मी नाई कापत."

काका म्हणाले, "अजून एकदा पाह्य ना."

"त्याले इचारलं का नाई आपण? इचारलं तं मंग त्याचं ऐका लागते."

महाराजांना जे उत्तर सुचलं नव्हतं, ते या रीतीत आधीपासून होतं. मला वाटत होतं, की ही सगळी लबाडी आहे. लबाडी काकांची होती. रीत मात्र, मानली तर, खरोखर विचारत होती.

पण अक्का त्याच चिखलात मटकन खाली बसल्या. "माईनं नाई घेतला वो. आता ते माया भावाले नेते." असं म्हणून त्या छाती बडवू लागल्या आणि माझा त्यांच्यावरचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. इतके महिने मी त्यांना दुष्ट समजत होते. ती बाई नुसती भ्यालेली होती. मालक त्यांना उठवायला वाकले, तर त्यांनी भावाचे पायच धरले. मीही मनात म्हटलं, खरंच तसं असलं तर?

तेव्हा रांगेतून एक म्हातारी पुढे आली. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावर बोनाल, अंगावर विटकं लुगडं, कपाळभर कुंकू. तिनं मडकं उतरवून अक्कांजवळ ठेवलं आणि तीही चिखलात बसली. "एडवकु, अम्मा," म्हणाली, म्हणजे रडू नकोस. मग मोडक्यातोडक्या बाजारी भाषेत म्हणाली, "भाऊ घरी आला ना? कुणी पाठवला? हिनंच ना? बोकड मिळायच्या आधीच पाठवला. तिला बोकड पाहिजे असता तर आधी बोकड घेतला असता, मग भाऊ दिला असता. ती आई हाय, दुकानदार नाई." एवढं बोलून तिनं अक्कांचा हात आपल्या मडक्याला लावला आणि म्हणाली, की हा भात आता दोघींचा, चल, देऊ. अक्का उठल्या. एखाद्या लहान पोरीसारख्या त्या म्हातारीचं बोट धरून देवीपर्यंत गेल्या. परतताना त्यांचं रडणं थांबलेलं होतं. ती म्हातारी पुढे कुठे गेली ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. असेल कुठल्या तरी वस्तीवरची. मी त्यात काही शोधत नाही. जे शब्द माझ्या घरातल्या कुणाला सुचले नसते, ते वेळेवर तिच्या तोंडून आले, एवढंच मला ठाऊक आहे.

मी चांद्याला घेऊन घरी निघाले, तर पुजाऱ्यानं अडवलं. देवीच्या दारात आणलेलं परत नेता येत नाही, तो आता इथेच राहील. माझा पारा पुन्हा चढला. "वाचला ना तो? मंग माया मले द्या!"

"तुया होता तं इथं आणला काऊन?" पुजारी म्हणाला. "आता तो कोणाचाच नाई."

हे ऐकून मला कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. अक्कांनी दुसऱ्याच्या ताटातलं दिलं म्हणून मी वर्षभर चडफडत होते. पण चांद्या माझ्या ताटातला होता, हे तरी कुणी ठरवलं? त्याला आत्मा आहे म्हणून भांडायचं आणि त्याच दमात तो माझा म्हणायचं, हे कसं जमेल? मी वळले. तो सवयीनं मागे आला. मग अक्काच त्याच्या गळ्यात हात घालून बसून राहिल्या, मी दिसेनाशी होईपर्यंत. त्याला मरायला घेऊन आलेली तीच बाई.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, घाबरून जनावरं गोठून जातात. एवढी गर्दी, डफडं. म्हणून हलला नसेल." तसंही असेल. मी चमत्काराची वकिली करत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "बाई, घाबरला म्हणतेस ना? मग आत घाबरायला कुणीतरी होतं, एवढं तरी कबूल कर." ती म्हणाली, "हो आई, ते आहे."

मालक आता बरे आहेत, बाजारात बसतात. चांद्या ठाण्यापाशी असतो, बोनालचा भात खाऊन लठ्ठ झालाय. कधी मला ओळखतो, कधी ढुंकूनही पाहत नाही.

ही हकीकत इथेच संपली असती तर मीही सुटले असते. पण पुढच्या आषाढात मी ठाण्यावर गेले, तेव्हा एका कुटुंबानं बोकड आणला होता. इचोड्याच्या बाजारातून विकत घेतलेला, तांबडा, अंगानं बारीक. त्याला ओळखणारं तिथे कुणीच नव्हतं. दाव्याला हिसके देत तो चारी बाजूंना पाहत होता. मी विचारलं, याचं नाव काय? ते लोक हसले. म्हणाले, कालच आणला, त्याला कसलं नाव?

मला राहवलं नाही. मी जवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हटलं, "भिऊ नको. मी हावो इथं." तो हळूहळू शांत झाला. पुजाऱ्यानं पाणी सोडलं. आणि माझ्या हाताखाली त्या बोकडानं नखशिखांत अंग झाडलं.

डफडं वाजलं. लोकांनी आनंदानं आरोळी दिली. मी तशीच उभी राहिले, तोंडावर, पातळावर त्याच्या अंगाचं हळदीचं पाणी उडालेलं. तो पाण्यानं शहारला, की माझ्या शब्दावर विसंबून त्यानं अंग सैल सोडलं? माझ्या चांद्यावर दया, मग याच्यावर का नाही? मी देवीला विचारलं. प्रसादाचा वाटा आला, तो मी कपाळाला लावून परत दिला.

त्या रात्री मला फार वाटलं, की पुन्हा तिकडे फिरकू नये. पण मी जाते. तिनं माझं कुंकू राखलं, एक मुका जीव राखला, अक्कांच्या मनातली भीती काढली, हे उपकार मी कसे विसरेन? आणि ज्याला विचारतात त्याच्या आत कुणीतरी आहे, हे तिनंच मला माझ्या तळहातावर दाखवलं. आता मी तिच्याकडे काही मागत नाही, निवाडाही मागत नाही. आषाढ आला की जाते, ज्याच्या बाजूनं कुणी आलेलं नसतं त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहते आणि मनात तिला म्हणते, आई, हे लोक याला विचारून राह्यले. तू तरी नीट ऐक.